वीस मिनिटं वाजतो आणि मुका होतो: जुन्या किट-रेडिओचं परत परत येणारं दुखणं

लक्षण असं. लहानपणी स्वतः जोडलेला सहा ट्रान्झिस्टरचा मीडियम वेव्ह रेडिओ बऱ्याच वर्षांनी कपाटातून बाहेर येतो. नवे सेल घालून चाक फिरवलं की तो बोलायला लागतो. मग पंधरा-वीस मिनिटांनी स्टेशन एकाएकी नाहीसं होतं आणि स्पीकरमध्ये फक्त बारीक सुस्कारा उरतो. डब्याला टिचकी मारली की स्टेशन परत. उघडून दोन-चार जॉइंट तापवले की आठवडाभर सगळं छान, आणि नंतर पुन्हा तेच.

माझ्या रेडिओने दोन महिने हे केलं. त्यात तीनदा मला खात्री वाटली की दोष सापडला. पहिल्या दोन वेळी सापडलेले दोष खरे होते, दुरुस्तीही योग्य होती, पण रेडिओ मुका होण्याचं कारण ते नव्हतं. तिसऱ्या वेळी जे सापडलं ते अशा किटमध्ये पुष्कळदा असणार असं मला वाटतं, कारण त्याचं मूळ लहान हातांनी केलेल्या पहिल्या सोल्डरिंगमध्ये आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

हा रेडिओ मी अकरा वर्षांची असताना अण्णांबरोबर जोडला. तपकिरी रंगाचा बोर्ड, त्यावर हाताने रंगवल्यासारखे जाड तांब्याचे पट्टे, कागदाच्या पुडीत रेझिस्टर, आणि फेराइटची काळी कांडी वेगळ्या पुठ्ठ्यात गुंडाळलेली. सूचनांचा कागद घडीवर फाटला होता. रेझिस्टरचे रंग मी मोठ्याने वाचायचे आणि अण्णा मान हलवायचे. राळेचा धूर डोळ्यांत जायचा, तरी मान मागे घ्यावीशी वाटायची नाही. अण्णा एकच गोष्ट परत परत सांगायचे: "आयर्न काढलंस ना पोरी? आता हात हलवू नकोस. चमक जाईपर्यंत श्वास रोखून धर." हे वाक्य पुढे कामाला येणार आहे.

आधी कान लावा

मुका झाला म्हणजे नक्की काय झालं, हे ऐकून ठरवा. डबा उघडायची घाई नको, कारण उघडताना बसणाऱ्या धक्क्यानेच दोष लपतो.

अगदी काहीच ऐकू येत नसेल, सुस्कारासुद्धा नाही, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा आवाजाच्या शेवटच्या टप्प्यात आहे: सेलच्या पत्त्या, व्हॉल्यूमला जोडलेला स्विच, इअरफोनचा जॅक, स्पीकरच्या तारा. सुस्कारा आहे पण स्टेशन नाही, तर मागचा अर्धा भाग ठीक असून पुढचा, म्हणजे अँटेना कॉइल, मिक्सर (स्टेशनची लहर ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीला आणणारा टप्पा) किंवा आयएफ (ती मधली फ्रिक्वेन्सी वाढवणारा टप्पा), गेला आहे. आवाज हळूहळू क्षीण होतो, फाटतो आणि शेवटी बोटीच्या इंजिनासारखं "फट फट फट" सुरू होतं, तर सेल किंवा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. बटण फिरवतानाच खरखर होते, तर व्हॉल्यूमचा कार्बनचा पट्टा मळला आहे. त्यात संपर्क साफ करायचा स्प्रे थोडासा मारून बटण वीस-तीस वेळा फिरवलं की बहुतेक काम होतं.

मी हे वर्गीकरण केलं नाही. "बंद पडतो" एवढंच डोक्यात धरून हाताला जे लागलं ते दुरुस्त करत गेले. पहिला महिना त्यात गेला.

पहिला खरा दोष: इअरफोनचा जॅक

अशा बहुतेक किटमध्ये इअरफोनसाठी जॅक असतो. पिन आत घातली की आतली एक पत्ती उचलली जाते आणि स्पीकर तुटतो. म्हणजे पिन नसताना स्पीकरचा सगळा आवाज त्या पत्तीच्या टोकावरून जातो. कित्येक वर्षं ती पत्ती एकाच जागी टेकून बसलेली असते, तिच्यावर काळा थर चढतो, स्प्रिंगचा जोर कमी होतो. वर्षानुवर्षं इअरफोन न लावलेल्या रेडिओत हा संपर्क हमखास वाईट असतो.

तपासायला सोपं आहे. दोन टोकांना क्लिप असलेल्या तारेने ती पत्ती आणि तिच्या खालचा संपर्क थेट जोडा. आवाज आला आणि टिकला तर जॅकच दोषी. साफ करताना पॉलिशपेपर वापरू नका, पत्तीवरचा पातळ मुलामा निघून जातो. साध्या कागदाची अरुंद पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून दोन पत्त्यांमध्ये घाला आणि हलक्या हाताने ओढून काढा. कागद काळा निघायचा थांबेपर्यंत नवी पट्टी घ्या.

माझ्या जॅकमधून तीन पट्ट्या काळ्या निघाल्या आणि मध्येमध्ये होणारी करकर थांबली. नऊ दिवसांनी रेडिओ पुन्हा मुका झाला. या वेळी मी लक्ष देऊन ऐकलं: सुस्कारा होता. जॅक तुटला असता तर सुस्काराही आला नसता. हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरा खरा दोष: वाळलेले कंडेन्सर

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत ओलसर द्रव असतो आणि दशकांमध्ये तो सुकत जातो. क्षमता घटते, अंतर्गत रोध वाढतो. सेलला समांतर बसवलेला १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असा कोरडा पडला की शेवटच्या टप्प्याचे झटके पुरवठ्याच्या तारेतून पुढच्या टप्प्यांपर्यंत पोचतात आणि ती फटफट सुरू होते. सेल थोडे उतरले की आणखी लवकर. नवे सेल घातल्यावर बरं वाटणं आणि काही दिवसांनी त्रास परतणं हे याच कंडेन्सरचं लक्षण आहे. दोष सेलवर ढकलून माणूस सेल बदलत राहतो.

काढून तपासण्याची गरज नाही. त्याच मूल्याचा चांगला कंडेन्सर रेडिओ चालू असताना संशयिताला समांतर धरा. फरक पडला तर बदला. ध्रुव मात्र दोनदा पाहा. जर्मेनियमच्या पीएनपी ट्रान्झिस्टरच्या पुष्कळ जुन्या रेडिओंत जमिनीचा (ग्राउंडचा, म्हणजे सर्किटच्या सामायिक परतीचा) पट्टा म्हणजे सेलचं धन टोक असतं. आजच्या सवयीने ऋण टोक जमिनीला लावलं की नवा कंडेन्सर उलटा बसतो.

चारही इलेक्ट्रोलिटिक मी बदलले. आवाजात भरदारपणा आला, मृदंगाचा खालचा सूर जो मी विसरून गेले होते तो ऐकू आला. तो ऐकून मी काम थांबवून नुसती बसून राहिले. दुरुस्ती झाली असं त्या सुरामुळेच वाटलं. बारा दिवस. मग रविवारी सकाळी स्टेशन गेलं.

सेलच्या डब्याबद्दलही एक गोष्ट इथेच. अल्कलाइन सेल गळला तर पांढरी खपली येते. ती क्षारधर्मी, पोटॅशियम हायड्रॉक्साइडची. कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग पाण्याच्या बोळ्याने आणि शेवटी अल्कोहोलने. साधे झिंक-कार्बन सेल गळले असतील तर ओल आम्लधर्मी असते, तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी. पत्ती चकचकीत झाली म्हणून थांबू नका. तिला जोडलेल्या तारेचं टोक सोलून पाहा. गळती प्लास्टिकच्या वेष्टनाखालून तारेत चढते, आतलं तांबं काळं पडतं, आणि अशी तार सोल्डर धरत नाही. काळा भाग संपेपर्यंत कापा, नाहीतर पूर्ण तार बदला.

तिसरा, म्हणजे मूळ दोष

इथून पद्धत बदलली. तोवर रेडिओ मुका झाला की मी उघडायचे, मीटरच्या पिना टोचायचे, आणि टोचल्याबरोबर तो वाजू लागायचा. दोष माझ्या स्पर्शाने बरा होत होता. म्हणून रेडिओ वाजत असतानाच सगळी मोजमापं आधी जोडून ठेवायची आणि नंतर हात न लावता वाट पाहायची, असं ठरवलं. या दुखण्यात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही.

पहिलं साधन दुसरा चांगला रेडिओ. सुपरहेट रेडिओत (स्टेशनची लहर आधी ४५५ किलोहर्ट्झला आणणारा, या किटसारखा) स्वतःच लहर निर्माण करणारा एक छोटा ऑसिलेटर असतो, तो स्टेशनपेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो आणि त्याची थोडी लहर बाहेर सांडते. समजा चांगल्या रेडिओवर १२०० किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं स्टेशन लावलं आणि किट-रेडिओ त्याच्या अगदी शेजारी ठेवून त्याचं चाक ७४५ च्या जवळ हळूहळू फिरवलं. ७४५ अधिक ४५५ म्हणजे १२००. तिथे चांगल्या रेडिओत शिट्टी ऐकू येते, चाक फिरवताना तिचा सूर उतरतो आणि पुन्हा चढतो. शिट्टी म्हणजे तुमच्या किटचा ऑसिलेटर जिवंत आहे. (हजार किलोहर्ट्झच्या वरचं कोणतंही स्टेशन चालेल, त्यातून ४५५ वजा करा.)

मी शिट्टी मध्यम सुरावर ठेवली, दोन्ही रेडिओ टेबलावर सोडले आणि जवळच वाचत बसले. सतरा मिनिटांनी शिट्टी थांबली. हळूहळू क्षीण झाली नाही, कापल्यासारखी थांबली. किट-रेडिओला कोणी हात लावला नव्हता.

त्याच वेळी व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक अलगद लावलं तर स्पीकरमध्ये घर्र आवाज आला. मागचा अर्धा रेडिओ शाबूत होता. ऑसिलेटर थांबला होता, म्हणजे पहिला ट्रान्झिस्टर, जो मिक्सर आणि ऑसिलेटर ही दोन्ही कामं करतो, किंवा त्याच्या भोवतीचे दहा-बारा जॉइंट. पूर्ण बोर्डवरून शोध तळहाताएवढ्या जागेवर आला.

दुसऱ्या दिवशी त्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरला (बेस, एमिटर, कलेक्टर या तीन पायांपैकी एक) आणि जमिनीला बारीक तारांची दोन शेपटं सोल्डर करून बाहेर काढली आणि मल्टीमीटर त्यांना लावून ठेवला. बेसपेक्षा एमिटर बरा. तिथे मीटर लावल्याने सर्किटवर भार जवळजवळ पडत नाही. रेडिओ वाजत असताना ०.९ व्होल्ट. मुका झाला तेव्हा आकडा ०.१ च्या खाली.

या आकड्याचा अर्थ महत्त्वाचा आहे. ऑसिलेटर थांबला तरी एमिटरचा व्होल्टेज जवळपास तसाच राहिला असता, तर संशय लाल गाभ्याच्या ऑसिलेटर कॉइलवर, गँगच्या (स्टेशन बदलणाऱ्या कंडेन्सरच्या) पत्र्यांवर किंवा फीडबॅकच्या छोट्या कंडेन्सरवर गेला असता. व्होल्टेजच कोसळला, म्हणजे ट्रान्झिस्टरचा करंट थांबला, म्हणजे बहुधा बेसला बायस (ट्रान्झिस्टर चालू ठेवणारा छोटा करंट) मिळत नाही. आणि या रेडिओत, तसंच यासारख्या पुष्कळ किटमध्ये, बायस बेसला थेट मिळत नाही. दोन रेझिस्टरांच्या सांध्यापासून तो फेराइट कांडीवरच्या छोट्या कॉइलमधून फिरून बेसला येतो. कांडीवरची ती सात-आठ वेढ्यांची कॉइल स्टेशन पकडतेच, शिवाय ट्रान्झिस्टरला चालू ठेवणारा करंटही तिच्यातूनच जातो. ती तुटली की अँटेना आणि ऑसिलेटर दोन्ही एका क्षणात गेले.

त्या कॉइलचा रोध मी पहिल्याच आठवड्यात मोजला होता. एक ओहमपेक्षा कमी, उत्तम. म्हणून तिला मी संशयितांतून वगळलं होतं.

शेपटं आता कॉइलच्या रेझिस्टरकडच्या टोकाला हलवली. मीटर एकच असल्यामुळे पुढच्या वेळेची वाट पाहावी लागली, दोन संध्याकाळी रेडिओ वाजतच राहिला. तिसऱ्या संध्याकाळी मुका झाला. मीटरवर बायस हजर. म्हणजे रेझिस्टरपर्यंत सगळं ठीक आणि त्यापुढे, कॉइल ते बेस, रस्ता तुटलेला.

भिंगाखाली काय दिसलं

कांडीवरची तार साधी नसते. ती लिट्झ वायर, म्हणजे केसासारख्या बारीक अनेक तारांचा पीळ, आणि प्रत्येक तारेवर स्वतंत्र इनॅमल. माझ्या तारेत सात पदर होते. त्यातले दोनच सोल्डरमध्ये धरले गेले होते. बाकीच्या पाचांवर इनॅमल तसंच होतं, सोल्डर त्यांच्याभोवती नुसतं गोठलं होतं. धरलेल्या दोनातला एक मुळाशी तुटलेला, आणि दुसरा राळेच्या पिवळ्या थेंबात उभा, टोकाने सोल्डरला टेकलेला.

सोल्डरचा थेंब मंद राखाडी होता, वर बारीक सुरकुत्या. गोठताना हात हललेला जॉइंट असाच दिसतो. ६०/४० सोल्डर साधारण १९० अंशांना गोठायला लागतं पण पूर्ण घट्ट १८३ अंशांना होतं, आणि त्या मधल्या क्षणात तार हलली तर आतले कण नीट जुळत नाहीत. हा जॉइंट मीच केला होता. कांडी बसवायचं काम अण्णांनी माझ्याकडे दिलं होतं, तार इतकी मऊ होती की चिमट्यात राहत नव्हती, आणि माझा श्वास पुरला नव्हता. इतक्या वर्षांनी भिंगातून तो क्षण तसाच थांबलेला दिसला.

मग ओहममीटरने तो चांगला का दाखवला? एका पदरानेही रोध एक ओहमच्या आत राहतो, हे एक कारण. दुसरं जास्त खोल आहे. बेसमधून जाणारा करंट काही मायक्रोअँपिअरांचा, काही दहांचा फार तर. धातूच्या टेकलेल्या टोकावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा आला तर इतका क्षीण प्रवाह तो फोडू शकत नाही. मीटर मात्र स्वतःचा व्होल्टेज लावतो, पापुद्रा फुटतो, रस्ता मोकळा होतो आणि आकडा सुंदर येतो. पिनेच्या दाबानेही तेच, टिचकीनेही तेच. त्यानंतर स्पीकरच्या कंपनाने, खोलीच्या तापमानाने टोक केसभर सरकलं की पुन्हा पापुद्रा. सेल किंवा स्पीकरचे जॉइंट अर्धवट असले तरी त्यांतून जाणारा मोठा करंट स्वतःचा रस्ता करून घेतो. म्हणून परत परत येणारं दुखणं शोधताना सगळ्यात कमी करंटचे जॉइंट आधी पाहा: अँटेना कॉइलची टोकं, मिक्सरचा बेस, डिटेक्टर डायोडच्या भोवतीचे सांधे, व्हॉल्यूमचा मधला पाय.

तापमानाचा संशय असेल आणि शिट्टीची सोय नसेल तर स्पिरिटचा बोळा कामाला येतो. कापसाची टोकदार काडी भिजवून एकेका भागाला लावा. उडणारं स्पिरिट तो भाग थंड करतं. ज्या भागाला लावल्यावर स्टेशन येतं-जातं तिथे बारकाईने पाहा. त्या वेळी आयर्न बंद आणि दूर हवं.

दुरुस्ती

जुनं सोल्डर तांब्याच्या विणलेल्या पट्टीने शोषून घेतलं. तार अर्धा सेंटिमीटर मागे कापली. कॉइलला तेवढी ढील होती. पदर हलकेच पंख्यासारखे पसरले, ६०० नंबरचा पॉलिशपेपर दुमडून त्याच्या चिमटीतून एकेक पदर दोन-तीनदा ओढला. जोर लावला तर पदर तुटतो, आणि तुटला की परत मागे कापावं लागतं. मग सगळे एकत्र पिळून राळेच्या सोल्डरने आधी वेगळेच मढवले आणि भिंगातून सातही चांदीसारखे दिसतात का हे मोजलं. पहिल्या खेपेला पाच दिसले, म्हणून पुन्हा केलं. त्यानंतरच बोर्डला लावले.

बोर्ड तपकिरी फिनॉलिकचा असेल तर आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. तांब्याचा पट्टा बोर्डवर चिकटवलेला असतो, जास्त ताप लागला की सालासारखा उचलला जातो. २५ वॅटचं आयर्न, स्वच्छ टोक, आणि जुन्या जॉइंटला जुन्याच प्रकारचं कथील-शिशाचं सोल्डर. काम झाल्यावर हात धुवा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या पायाला सोल्डर करताना पाय चिमट्याने बोर्ड आणि ट्रान्झिस्टरच्या मध्ये पकडा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. जर्मेनियम तापायला फार हळवं आहे. दर १० अंशांमागे त्याची गळती साधारण दुप्पट होते.

आयएफच्या डब्यांतले पिवळे, पांढरे, काळे गाभे मात्र फिरवू नका. मुका होण्याचा आणि त्यांचा क्वचितच संबंध असतो, आणि जुना फेराइट गाभा स्क्रूड्रायव्हरने चटकन तडकतो.

तुमच्या किटमध्ये एएफ११४ ते एएफ११७ या जातीचा चार पायांचा ट्रान्झिस्टर असेल तर वेगळा संशय घ्या. त्यांच्या धातूच्या टोपणाच्या आत कथिलाचे केसासारखे तंतू उगवतात आणि टोपण आतल्या पायांशी जोडलं जातं. चौथा पाय टोपणाचा, तो जमिनीला असतो. ट्रान्झिस्टर सर्किटमधून सोडवून टोपण आणि बाकी तीन पायांमध्ये रोध मोजा. काहीही वाचन आलं तर तंतू आहेत. चौथा पाय कापला की बहुतेक वेळा रेडिओ चालू होतो.

बाकीच्या किटबद्दल थोडं

स्प्रिंगमध्ये तारा अडकवून सर्किट बनवायचे संच ज्यांच्याकडे आहेत त्यांचा त्रास वेगळा आणि सोपा आहे. तारांची सोललेली टोकं वाकून वाकून आतल्या आत तुटलेली असतात, वरून प्लास्टिक अखंड दिसतं. सगळ्या तारा नव्याने कापून सोला, स्प्रिंगचे वेढे अल्कोहोलने पुसा, आणि सैल स्प्रिंग बदला. ताणून सरळ केलेली पुन्हा धरत नाही. त्याबरोबरचा क्रिस्टल इअरफोन मुका असेल तर फार वेळ घालवू नका. आत रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो, तो दमट हवेत विरघळून जातो. सिरॅमिक इअरफोन त्याच जागी चालतो.

आणि व्हॉल्व्हचं, मेन्सवर चालणारं जुनं किट असेल, तर वर लिहिलेलं चालू असताना टोचणं, शेपटं लावणं यातलं काहीही करू नका. आत दोन-तीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. ते काम जाणत्या माणसाच्या सोबतीनेच.

अशा किटपैकी हीथकिटची पुस्तकं मला फार आवडतात. १९४७ मध्ये या कंपनीचं पहिलं इलेक्ट्रॉनिक किट निघालं, युद्धातून उरलेले सुटे भाग वापरून केलेला ऑसिलोस्कोप. त्यांच्या सूचनांत प्रत्येक पायरीपुढे खूण करायला कंस असायचा, आणि प्रत्येक सांध्यावर लिहिलेलं असायचं: "एनएस", म्हणजे अजून सोल्डर करू नका, आणखी तार यायची आहे, किंवा "एस-२", म्हणजे आता करा, या सांध्यात दोन तारा असायला हव्यात. किती साधा उपाय आहे हा. एका पायात दोन तारा असल्या की वरची सोल्डर होते आणि खालची नुसती टेकून राहते, ही जगभरच्या किट जोडणाऱ्यांची चूक त्या एका आकड्यात धरली गेली होती. तुमच्याकडे जुनं पुस्तक शिल्लक असेल तर ते पुन्हा पहिल्या पानापासून घ्या आणि प्रत्येक "एस" चा आकडा भिंगातून मोजा. दोन लिहिलंय आणि एकच तार ओली दिसतेय, अशी जागा सापडली तर शोध संपला.

सगळेच जॉइंट परत करावेत का?

हा प्रश्न मला दोन-तीन जणांनी विचारला आहे. माझं मत: नाही. सरसकट तापवलं तर दुखणं जाईल कदाचित, पण ते कुठे होतं हे कधीच कळणार नाही, आणि सत्तर जॉइंटमधले दोन-तीन नवे बिघडतील, एखादा पट्टा उचलला जाईल. शिवाय ते जॉइंट म्हणजे कोणाच्या तरी हाताची खूण आहे. माझ्या बोर्डवर कोणता माझा आणि कोणता अण्णांचा हे आजही ओळखू येतं. त्यांचे छोटे, पायाभोवती चढत गेलेले, मधोमध किंचित खोलगट. माझे गोल, मण्यासारखे. भिंगाखाली मी सगळे पाहिले. माझ्यातले सहा राखाडी निघाले, ते केले. बाकीच्यांना हात लावला नाही.

दुरुस्तीनंतर झाकण लगेच बंद करू नका. शेपटं तशीच ठेवा, मीटर लावलेला असू द्या, आणि रोज तासभर वाजवा. माझ्या वहीत तारीख, किती मिनिटं वाजला, एमिटरचा आकडा असे तीन रकाने होते. पूर्वीची सगळ्यात लांब शांत मुदत बारा दिवसांची होती, म्हणून मी त्याच्या तिप्पट, छत्तीस दिवस धरले. आकडा ०.८८ ते ०.९१ च्या बाहेर गेला नाही. सदतिसाव्या दिवशी शेपटं काढली.

मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला अण्णांनी पेन्सिलने जोडणीची तारीख लिहिली होती. तिच्याखाली मी लिहिलं: "कांडीची तार, बेसकडचं टोक, सातही पदर." आणि स्क्रू बसवले.